‘नाही’ या एका शब्दाची किंमत

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, केंद्रीय निमलष्करी दलाच्या शिपाई भरतीत पास झाला, त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात पेढे वाटले गेले होते. धावणं, लेखी, मेडिकल, सगळं पार पडलं होतं. तीन वर्षं हा मुलगा पहाटे फज्रच्या नमाजनंतर तालुक्याच्या रस्त्यावर पळत होता. आता फक्त एक कागद भरायचा राहिला होता. त्याला अटेस्टेशन फॉर्म म्हणतात, सरकारी मराठीत साक्षांकन नमुना.

रात्री जेवणं उरकल्यावर तो फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. घरात शिकलेला, चार कागद लिहिणारा-वाचणारा म्हणून मीच. एका रकान्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, “मामू, इसमें क्या लिखूं?”

प्रश्न असा होता : आपल्याला कधी अटक झाली आहे काय? आपल्यावर कधी खटला चालला आहे काय? कधी स्थानबद्ध केलं, बंधपत्र घेतलं, दंड झाला, शिक्षा झाली आहे काय? प्रत्येकापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’.

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो एकोणीस वर्षांचा असताना क्रिकेटच्या मैदानावर खेळपट्टीवरून दोन गटांत हाणामारी झाली होती. दोन्ही बाजूंनी तक्रारी झाल्या. अकरा जणांच्या यादीत याचंही नाव आलं. पुढे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून मिटवलं, कोर्टात कुणी कुणाविरुद्ध बोललं नाही आणि सगळे निर्दोष सुटले. त्यातली दोन्हीकडची पोरं आज एकमेकांच्या लग्नाला जातात.

मी म्हणालो, “सुटलास ना? मग केस राहिली कुठे? ‘नाही’ लिही.”

त्याने लिहिलं. ट्रेनिंग सुरू झालं. सातव्या महिन्यात जिल्ह्यातून पोलीस पडताळणीचा अहवाल गेला आणि आठव्या महिन्यात तो घरी परत आला. पत्रात कारण होतं : महत्त्वाची माहिती दडवून ठेवली. हाणामारीबद्दल त्या पत्रात एक शब्द नव्हता. आज प्रकरण हायकोर्टात आहे. तो टेम्पो चालवतो. मी हे लिहितो आहे ते त्याची परवानगी घेऊन. तो म्हणाला, “लिहा मामू, फक्त नाव नका टाकू.”

त्याचं नाव मी टाकत नाही. माझी चूक मात्र कबूल करतो. पदरात नोकरी पडलेली असताना ती घालवली ती मी दिलेल्या एका शब्दाने. त्यामुळे हा लेख इतरांना उपदेश करायला लिहिलेला नाही. जे त्या रात्री मला माहीत असायला हवं होतं, ते उशिरा का होईना, नीट मांडावं एवढाच हेतू आहे.

सरकार हे का विचारतं?

पहिली गोष्ट समजून घ्यायला हवी ती ही, की पडताळणी करणाऱ्याला आपल्या पापांचा हिशेब ठेवायचा नसतो. त्याला दोन गोष्टी बघायच्या असतात. या माणसाच्या हाती शस्त्र, गुपित किंवा तिजोरी दिली तर त्याच्यावर कुणी बाहेरून दबाव आणू शकेल का? आणि अडचणीत सापडला तर तो खरं बोलेल का?

हे सर्वात तपशिलात लिहून ठेवलं आहे ते अमेरिकेने. तिथे सरकारची गुप्त माहिती हाताळायची असेल, मग तो सैनिक असो, सरकारी नोकर असो की खासगी कंपनीतला इंजिनिअर, त्याला ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ घ्यावा लागतो. त्यासाठीचा ‘एसएफ-८६’ नावाचा फॉर्म शंभरहून अधिक पानांचा आहे. कुठे राहिलात, कुठे नोकरी केली, परदेशात नातेवाईक कोण, कधी अटक झाली, हे सगळं त्यात येतं. त्यात कर्जाचा वेगळा विभाग आहे. गेल्या सात वर्षांत कुठलं देणं १२० दिवसांपेक्षा जास्त थकलं का, कर भरायचा राहिला का, दिवाळखोरी जाहीर केली का, असं थेट विचारलं जातं.

कर्जाची एवढी चौकशी कशाला, असं आपल्याला वाटेल. त्याचं उत्तर अल्ड्रिच एम्सच्या प्रकरणात सापडतं. हा सीआयएचा अधिकारी. घटस्फोटाचा खर्च आणि वाढत्या खर्चिक राहणीमुळे तो कर्जात बुडाला. १९८५ साली तो वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत दूतावासात स्वतःच्या पायांनी चालत गेला. पहिला हप्ता ५० हजार डॉलरचा होता. त्या बदल्यात त्याने जी नावं दिली, त्यांतले अनेक जण जिवानिशी गेले. त्याला अटक झाली ती १९९४ मध्ये. या नऊ वर्षांत पगाराशी न जुळणारं घर आणि गाडी लोकांच्या डोळ्यांसमोर होती.

म्हणून तिथे कर्ज हा पात्रतेचा निकष आहे. पण तो कसा लावतात हे बघण्यासारखं आहे. २०१७ पासून लागू असलेल्या नियमावलीत एकूण १३ निकष आहेत आणि प्रत्येक निकषाखाली दोन याद्या आहेत. पहिल्या यादीत कशामुळे शंका निर्माण होते ते. दुसऱ्या यादीत कशामुळे ती शंका फिटते ते. कर्जाखालच्या दुसऱ्या यादीत नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट, घरातला मृत्यू यांसारखी माणसाच्या हाताबाहेरची कारणं आहेत. त्या काळात तो जबाबदारीने वागला का आणि आता प्रामाणिकपणे फेडतो आहे का, हे बघितलं जातं. म्हणजे कर्ज आहे एवढ्यावर माणूस बाद होत नाही. कर्जाकडे पाठ फिरवणारा आणि विचारल्यावर “काहीच नाही” म्हणणारा बाद होतो.

लपवण्यासाठी तिथे वेगळा निकष आहे, वैयक्तिक वर्तनाचा. फॉर्मवर मुद्दाम खोटं लिहिणं किंवा गाळणं हे स्वतंत्र कारण धरलं जातं, मग लपवलेली गोष्ट कितीही किरकोळ असो. पण तिथेही एक दार उघडं आहे. चूक पकडली जाण्याआधी माणसाने स्वतःहून ती दुरुस्त केली, तर ते त्याच्या बाजूने मोजलं जातं. हे वाचलं तेव्हा मला भाच्याच्या ट्रेनिंगचे ते सात महिने आठवले. त्या सात महिन्यांत एक अर्ज करता आला असता. तो केला तर काय होईल हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नाही.

अमेरिका म्हणजे न्यायाचा नमुना, असं मला म्हणायचं नाही. १९८८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टापुढे थॉमस इगन नावाच्या एका कामगाराचं प्रकरण होतं. पाणबुड्यांच्या दुरुस्ती केंद्रातली त्याची नोकरी गेली. कारणांमध्ये जुन्या शिक्षा होत्याच, शिवाय आधीच्या दोन शिक्षा त्याने अर्जात लिहिल्या नव्हत्या. कोर्टाने सांगितलं की क्लिअरन्स हा कुणाचाही हक्क नाही आणि तो द्यायचा की नाही हे सरकारने ठरवायचं. तेव्हा तिथेही अंतिम शब्द सरकारचाच. तरी नकार देण्याआधी कारणं लेखी मिळतात आणि उत्तर द्यायची संधी मिळते. ही गोष्ट लहान नाही.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे एवढी तपशीलवार, सर्वांना वाचता येईल अशी नियमावली नाही. आहे तो फॉर्म, पोलीस स्टेशनचा अहवाल आणि नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याचं मत. बाकीचं कोर्टाच्या निकालांनी हळूहळू भरून काढलं आहे.

त्यातला सर्वात महत्त्वाचा निकाल जुलै २०१६ चा, अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार. सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी आधीचे उलटसुलट निकाल तपासून काही सूत्रं ठरवून दिली. थोडक्यात सांगायचं तर अशी : उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, काही दडवता कामा नये. दडवलेली गोष्ट क्षुल्लक असेल, उदाहरणार्थ तरुण वयात घोषणा दिल्याचा गुन्हा, तर अधिकारी ती चूक माफ करू शकतो. गुन्हा गंभीर असेल तर नेमणूक रद्द करू शकतो. फॉर्ममधला प्रश्न स्पष्ट असला पाहिजे. जे नेमकं विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून कुणाला दोषी धरता येणार नाही. आणि उमेदवाराला ती गोष्ट माहीत होती, हेही दिसलं पाहिजे.

त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात कोर्टाने तरुण वयातल्या चुकीकडे उदारपणे बघितलं होतं. निकाल देणारे न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी त्यात व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’मधल्या जाँ व्हालजाँची आठवण काढली होती, भुकेल्या घरासाठी पाव चोरून आयुष्यभर चोर ठरलेल्या माणसाची. २०२२ मध्ये रेल्वे संरक्षण दलातल्या पवन कुमार या शिपायाची नोकरी कोर्टाने परत मिळवून दिली. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालात निमलष्करी दलातून काढणं योग्य ठरवलं. गणवेशाच्या नोकरीत खरेपणाची अपेक्षा जास्त, हे कोर्ट वारंवार सांगतं. म्हणजे दडवून ठेवणाऱ्याला कधी माफी मिळते, कधी नाही. ती मिळेपर्यंत वयाची भरती निघून जाते.

आता इथे माझा वाचक म्हणेल, “ठीक आहे, पण खरं लिहिलं असतं तर नोकरी मिळाली असती याची काय खात्री?” खात्री नाही. हे मी लपवणार नाही. अवतार सिंग निकालातच म्हटलं आहे की खरं सांगितलं तरी नेमणूक दिलीच पाहिजे असं बंधन अधिकाऱ्यावर नाही.

आणि याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मोहम्मद इम्रान या तरुणाची २००९ मध्ये महाराष्ट्राच्या न्यायिक सेवेसाठी लोकसेवा आयोगाने शिफारस केली. कॉलेजच्या वयात एका मित्राच्या आणि मुलीच्या प्रकरणात त्याच्यावरही अपहरणाच्या कलमांखाली खटला झाला होता. २००४ मध्ये तो निर्दोष सुटला होता. साक्षांकन नमुन्यात त्याने हे सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. पोलिसांच्या अहवालातही तेच आलं. तरी २०१० मध्ये त्याची निवड रद्द झाली. दुसऱ्या एका उमेदवारावरही खटला होऊन गेला होता, त्याला मात्र नेमणूक मिळाली. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१८ मध्ये इम्रानच्या बाजूने निकाल दिला आणि त्याचा विचार पुन्हा करायला सांगितला. खरं सांगणाऱ्याची आठ वर्षं गेली.

ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. एकीकडे माझा भाचा, लपवलं म्हणून बाहेर. दुसरीकडे इम्रान, सांगूनही बाहेर. मग पोरांनी काय करावं? मोहल्ल्यातला सर्वसाधारण सल्ला असा : “सांगून जाणारच असेल, तर न सांगता एक डाव खेळून बघावा.” मीही तोच डाव खेळायला लावला होता.

पण फरक आहे आणि तो फार मोठा आहे. इम्रानच्या हातात कोर्टापुढे ठेवायला एक स्वच्छ कागद होता. त्याच्या बाबतीत चूक करणारे दुसरे होते आणि कोर्टाला ते दाखवता आलं. माझ्या भाच्याच्या वकिलाला मात्र पहिली वीस मिनिटं आमच्याच चुकीचं स्पष्टीकरण देण्यात घालवावी लागतात. हाणामारी किरकोळ होती, निर्दोष सुटला, हे सगळं नंतर. खरं लिहिलं की भांडण आपल्या भूतकाळावर होतं. खोटं लिहिलं की ते आपल्या आजच्या स्वभावावर होतं. पहिलं जिंकता येतं.

कर्जाची गोष्ट

गुन्ह्यांबद्दल निदान बोललं तरी जातं. कर्जाबद्दल आपल्या घरांत कुणी बोलतच नाही.

सरकारी नोकराने आपले खासगी व्यवहार असे ठेवावेत की तो सवयीचा कर्जबाजारी होणार नाही, असा केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम १९६४ मधला नियम १७ सांगतो. हा नियम जुना आहे. नवीन आहे ते सिबिल. ३०० ते ९०० मधला हा आकडा आता फक्त कर्ज देताना बघत नाहीत. सरकारी बँकांच्या भरतीच्या जाहिरातीत गेली काही वर्षं अट असते की उमेदवाराचा कर्जाचा इतिहास चांगला असला पाहिजे. नसेल तर रुजू होण्याआधी तो दुरुस्त करून घ्यावा, किंवा ज्याचं देणं होतं त्याच्याकडून बाकी नसल्याचा दाखला आणावा. नाही तर नेमणुकीचं पत्र मागे घेतलं जाऊ शकतं. २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टाने स्टेट बँकेने खराब सिबिलवरून रद्द केलेली एक नेमणूक योग्य ठरवली. लोकांच्या पैशाला हात लावणाऱ्याकडून स्वतःच्या पैशाची शिस्त अपेक्षित धरणं गैर नाही, असं कोर्टाचं म्हणणं.

माझ्या एका मित्राची मुलगी याच अटीत अडकली होती. तिच्या नावावर शैक्षणिक कर्ज होतं, वडील सहकर्जदार. लॉकडाऊनमध्ये वडिलांचं कापडाचं दुकान बसलं आणि हप्ते थकले. बापाने मुलीला सांगितलं नाही. अभ्यासावरून लक्ष उडेल म्हणून. तिला कळलं ते निवड झाल्यावर, स्वतःचा रिपोर्ट काढला तेव्हा. दोन दिवस ती रडली. तिसऱ्या दिवशी कर्ज देणाऱ्या बँकेत गेली. मामांनी, चुलत्यांनी थोडे थोडे पैसे घातले, थकबाकी भरली, दाखला घेतला, आणि रुजू होताना तिने काय झालं ते एका पानावर लिहून सोबत जोडलं. आज ती कॅशच्या खिडकीत बसते.

तिचं कर्ज माझ्या भाच्याच्या हाणामारीपेक्षा खरं तर जास्त गंभीर होतं. त्या नोकरीशी त्याचा थेट संबंध होता. तरी ती आत आहे आणि तो बाहेर.

आपल्याकडे कर्ज नुसतं घेतलेलंच नसतं, दुसऱ्यासाठी अंगावर घेतलेलंही असतं. पतसंस्थेत चुलतभावाला जामीनदार राहिलो, मित्राने माझ्या नावावर मोबाइल हप्त्यावर उचलला, मोबाइलवरच्या अॅपमधून पाच हजार घेतले आणि विसरलो. जामीनदाराच्या नावावरही ते कर्ज दिसतं, हे किती पोरांना माहीत असतं? सही करताना आपण नात्याकडे बघतो. रिपोर्टमध्ये नातं दिसत नाही, फक्त थकलेले दिवस दिसतात.

पर्दापोशी आणि साक्ष

आता थोडं आपल्या घरातलं बोलतो.

आपल्याकडे पर्दापोशी हा मोठा गुण मानतात. दुसऱ्याचा ऐब झाकावा, स्वतःची चूकही चव्हाट्यावर मांडू नये, तौबा करावी आणि पुढे जावं. ही शिकवण सुंदर आहे. तिच्यामुळे कितीतरी घरं टिकली आहेत. त्या रात्री मी भाच्याला जे सांगितलं त्यामागे हीच सवय होती. झालं गेलं, अल्लाहने झाकलं, आता आपण का उघडायचं?

पण मी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली होती. न बोलणं आणि खोटी साक्ष देणं या दोन गोष्टी एक नाहीत. फॉर्मच्या शेवटी सही असते, वर लिहिलेलं खरं आहे अशी. ती सही म्हणजे साक्ष. खोट्या साक्षीला आपल्या दीनमध्ये कुठलं स्थान आहे, ते मदरशात चार दिवस गेलेलं पोरही सांगेल. शेजाऱ्याने विचारलं तर गप्प राहायचा मला हक्क आहे. सही करून विचारणाऱ्याला ‘नाही’ सांगायचा नाही.

कर्जाचंही तसंच. कुरआनमधली सर्वात लांब आयत, सूरह बकराची २८२वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे सांगण्यासाठी आहे. पैगंबर जनाज्याची नमाज पढवण्याआधी मयताच्या अंगावर कर्ज आहे का हे विचारत, आणि एकदा कर्ज आहे म्हटल्यावर थांबले, तेव्हा एका सहाबीने ते आपल्या अंगावर घेतलं, ही हदीस आपण जुम्याच्या बयानात कितीदा ऐकतो. तिथे चारचौघांत विचारलं गेलं, उत्तर दिलं गेलं आणि वाटही तिथेच निघाली. आपण मात्र कर्जाला लाज बनवलं. बाप मुलीपासून लपवतो, नवरा बायकोपासून, आणि सगळे मिळून बँकेपासून. मग वसुलीवाला दारात येतो तेव्हा सगळ्या गल्लीला कळतं.

तरी लपवण्यामागे फक्त लाज नाही, भीती आहे, आणि ती खोटी नाही हेही सांगायला हवं. सणाच्या आधी पोरांना नोटिसा येतात. चॅप्टर केस होते, बंधपत्रावर सही घेतली जाते. एखाद्या मोर्चात नाव येतं, कुणाच्या स्टेटसवरून गुन्हा दाखल होतो. आपल्या पोराचं आडनाव बघून फाइल उघडणारा माणूस ती वाचण्याआधीच मत बनवेल का, ही शंका त्याच्या मनात असते. इम्रानचं प्रकरण वाचल्यावर ती शंका निराधार आहे, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

म्हणून दोन्हीकडे बोलायला हवं

सरकारकडे माझी मागणी साधी आहे. राष्ट्राची सुरक्षा महत्त्वाची आहे, पडताळणी कडक असावी, याबद्दल वाद नाही. पण काय चालेल आणि काय चालणार नाही, हे छापून द्या. कोणता गुन्हा किती जुना झाला की विचारात घेणार नाही, निर्दोष सुटलेल्याला काय नियम, थकलेलं कर्ज फेडलं तर काय, हे उमेदवाराला फॉर्मसोबत मिळालं पाहिजे. प्रश्न त्याला कळेल अशा मराठीत विचारा. इंग्रजीतलं ‘बाउंड डाउन’ म्हणजे काय हे आमच्या तालुक्यातल्या चार वकिलांनाही पटकन सांगता आलं नाही. भरल्यानंतर ठरावीक मुदतीत चूक दुरुस्त करायची सोय ठेवा. नाकारण्याआधी लेखी कारण द्या आणि उत्तर ऐका. आणि पडताळणी वेळेत करा. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सहा महिन्यांत पूर्ण करायला सांगितलं आहे. ज्या प्रकरणात सांगितलं, त्यात १९८५ मध्ये नोकरीला लागलेल्या माणसाचा अहवाल २०१० मध्ये गेला होता आणि निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्याला काढलं होतं.

खरं सांगणाऱ्याचं नुकसान होत राहिलं, तर लोक खोटं लिहायला शिकतात. त्यातून सुरक्षा वाढत नाही. उलट लपवायची सवय लागलेली माणसं आत येतात आणि खरं लिहिणारी बाहेर राहतात. ज्याचं गुपित फक्त त्याला आणि त्याला धमकावणाऱ्याला माहीत आहे, तोच दबावाखाली येतो. जे कागदावर आलं, त्यावरून कुणी कुणाला धमकावू शकत नाही.

आणि आपल्या पोरांना, त्यांच्या मामा-चाचांना, माझ्यासारख्या अर्धवट जाणकारांना एवढंच :

भरतीचा विचार मनात आला की फॉर्म यायची वाट बघू नका. आपल्या नावावर कुठे गुन्हा, चॅप्टर केस, नोटीस आहे का, हे पोलीस स्टेशनला आणि कोर्टात जाऊन बघा. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रमाणित प्रत आजच काढून ठेवा, दहा वर्षांनी ती शोधताना घाम फुटतो. सुटलो म्हणजे खटला झालाच नाही, असं होत नाही. प्रश्न ‘खटला चालला होता का’ असा असेल तर उत्तर ‘होय’ आहे, आणि त्यापुढे ‘निर्दोष मुक्त’ लिहायचं. फॉर्म भरल्यानंतर काही घडलं तर तेही कळवायचं असतं. अठरा वर्षांखाली असताना काही झालं असेल, तर बाल न्याय कायदा २०१५ त्याचा डाग पुढे लागू देत नाही. अशा वेळी काय लिहायचं ते वकिलाला विचारून लिहा, मामूला विचारून नाही.

कर्जाचा रिपोर्ट प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो काढा. आपण न घेतलेलं कर्ज त्यात दिसलं तर लेखी तक्रार करा. आपलं असेल तर भरायला लागा आणि पावती जपा. जामीनदार राहायचं असेल तर हे कर्ज वेळ आल्यास आपल्यालाच भरायचं आहे असं समजून सही करा.

गेल्या महिन्यात भाच्याचा धाकटा भाऊ एका भरतीचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. त्याच्यावर गुन्हा नाही. पण दोन वर्षांपूर्वी ईदच्या आधी त्याला एक नोटीस आली होती. तिच्याबद्दल फॉर्ममध्ये विचारलंय की नाही, हे आम्हाला दोघांनाही नक्की कळेना. मी काही बोललो नाही. तेवढ्यात थोरला टेम्पो लावून आत आला. त्याने फॉर्म हातात घेतला, तो रकाना दोनदा वाचला आणि म्हणाला, “उद्या सकाळी वकीलसाहेबांकडे जाऊ. ते सांगतील तसं लिहू. पण नोटीस सोबत घे, लपवून ठेवू नकोस.”